त्या आधीपासूनच लिहीत होत्या: ‘द फ्यूचर इज फीमेल!’ या विज्ञानकथासंग्रहाविषयी

अमेरिकन विज्ञानकथेचा इतिहास बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात सांगितला जातो. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले, पुढे जॉन कॅम्पबेल यांनी ‘अस्टाउंडिंग’च्या संपादकपदावरून लेखकांची एक पिढी घडवली, या सगळ्या काळात लिहिणारे पुरुषच होते आणि स्त्रिया या प्रांतात आल्या त्या १९७० च्या दशकात, स्त्रीमुक्तीच्या चळवळीबरोबर, असा तो साचा. ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ने २०१८ साली प्रसिद्ध केलेला आणि लिसा यासझेक यांनी संपादित केलेला ‘द फ्यूचर इज फीमेल!’ हा संग्रह या कहाणीचा उत्तरार्ध पुराव्यानिशी खोडून काढतो. यात १९२८ ते १९६९ या काळात छापून आलेल्या पंचवीस कथा आहेत. चळवळीच्या आधीच्या चार दशकांवरच थांबायचे, ही कालमर्यादाच या पुस्तकाचा मुख्य युक्तिवाद आहे, आणि तो प्रस्तावनेपेक्षा कथांमधून अधिक ठामपणे पोहोचतो.

प्रकाशनसंस्थेचे नाव इथे महत्त्वाचे आहे. १९७९ साली स्थापन झालेली ही ना-नफा संस्था अमेरिकेतल्या अभिजात साहित्याच्या टिकाऊ आवृत्त्या काढते, आणि तिच्या यादीत येणे म्हणजे त्या देशाच्या साहित्यपरंपरेत हक्काची जागा मिळणे असे समजले जाते. याच संस्थेने २०१२ साली १९५० च्या दशकातल्या नऊ विज्ञान-कादंबऱ्यांचा संच काढला होता. त्या नऊ कादंबऱ्यांत स्त्रीने लिहिलेली एकच होती, ली ब्रॅकेट यांची. सहा वर्षांनी आलेल्या या संग्रहाकडे मी त्या संस्थेने स्वतःच्याच यादीत केलेली दुरुस्ती म्हणून पाहते. यासझेक या जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विज्ञानकथेच्या प्राध्यापक आहेत आणि महायुद्धोत्तर काळातल्या लेखिकांवर त्यांनी बरीच वर्षे काम केले आहे. निवडीमागचा हा अभ्यास पानोपानी जाणवतो.

पुस्तक घ्यावे की नाही, याचे उत्तर आधीच देते: विज्ञानकथेत रस असलेल्या प्रत्येकाने ते घ्यावे. मात्र त्याच्याकडून दोन वेगळ्या गोष्टींची अपेक्षा केली जाते आणि त्या दोन्ही ते सारख्या प्रमाणात पुरवत नाही. विज्ञानकथेत स्त्रिया होत्या का, या प्रश्नाचे उत्तर ते निर्विवादपणे देते. विज्ञानकथेत विविधता होती का, या प्रश्नापाशी मात्र ते अडखळते, आणि ज्या ठिकाणी ते अडखळते ती जागा मला या पुस्तकातल्या सर्वांत चांगल्या कथांइतकीच विचार करायला लावणारी वाटली.

पहिली कथा क्लेअर विंगर हॅरिस यांची, १९२८ सालची. गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग’च्या मुखपृष्ठावरचे एक चित्र देऊन त्यावर कथा मागवणारी स्पर्धा घेतली होती, त्यात हॅरिस यांना तिसरे बक्षीस मिळाले आणि १९२७ साली ती कथा छापताना संपादकांनी टीप जोडली की स्त्रिया सहसा चांगल्या विज्ञानकथा लिहीत नाहीत, कारण त्यांचे शिक्षण आणि विज्ञानाकडचा त्यांचा ओढा दोन्ही मर्यादित असतात. हॅरिस मात्र अपवाद, असे त्यांचे म्हणणे होते. पुढल्याच वर्षी आलेली प्रस्तुत कथा वाचताना तो शेरा फार काळ मनात राहतो. माणसाने कीटकांचा नायनाट करण्यासाठी पृथ्वीवरच्या सगळ्या वनस्पती नष्ट केल्या आहेत आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या अन्नावर तो जगतो आहे, इथून सुरुवात करून ही कथा एका बीजापर्यंत आणि तिथून शुक्र ग्रहाशी झालेल्या संपर्कापर्यंत जाते. मांडणी अहवालासारखी कोरडी आहे आणि पात्रे नावापुरती आहेत, हे मान्य करायला हवे. पण उपद्रवी जीव कोण आणि मालक कोण, हा प्रश्न शेवटी ज्या रीतीने उलटा फिरतो, त्यासाठी ती वाचावी.

लेस्ली एफ. स्टोन यांची १९३१ सालची ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ गोला’ त्यापेक्षा पुष्कळ जिवंत आहे. शुक्रावर स्त्रियांची सत्ता आहे, पृथ्वीवरून पुरुषांची जहाजे व्यापाराच्या आणि लुटीच्या इराद्याने उतरतात, आणि ही सगळी हकीकत शुक्रावरची एक वृद्ध राज्यकर्ती सांगते. आक्रमकाच्या नजरेतून सांगितल्या जाणाऱ्या शेकडो कथांच्या काळात स्टोन यांनी निवेदन ज्यांच्यावर आक्रमण झाले त्यांच्याकडे दिले, आणि त्या निवेदिकेला माणसाचे शरीरही दिले नाही. तिच्या दृष्टीने पृथ्वीवरचे पुरुष कुरूप, उद्धट आणि बुद्धीने बेताचे आहेत. वसाहतवादाची भाषा ज्यांनी दुसऱ्या बाजूने ऐकली आहे, त्या आपल्यासारख्या वाचकांना ही कथा विशेष भावेल.

सी. एल. मूर यांची १९३४ सालची ‘द ब्लॅक गॉड्स किस’ ही खरे तर अद्भुतिका आहे. मध्ययुगीन फ्रान्समधली जिरेल ही तलवारबाज सरदारीण आपला किल्ला जिंकणाऱ्या पुरुषाचा सूड घेण्यासाठी किल्ल्याखालच्या भुयारातून एका भयंकर जगात उतरते. मूर यांनी रंगवलेले ते जग, तिथला काळोख आणि तिथली विकृत भूमिती, आजही अंगावर काटा आणते. शेवट मात्र मला पटला नाही. सूड पूर्ण झाल्यावर जिरेलला कळते की ज्याला आपण मारले त्याच्यावर आपले प्रेम होते, आणि ज्या पुरुषाने तिला तिच्याच दिवाणखान्यात बळजबरीने चुंबिले त्याच्यासाठी ती शोक करते. काही समीक्षक याला शोकांतिकेची उंची मानतात. त्या काळातल्या वाचकाला पराभूत पुरुष पचावा म्हणून नायिकेकडून दिलेली ती किंमत आहे, असे मला वाटते, आणि संपादिकेने प्रस्तावनेत त्यावर अधिक स्पष्ट बोलायला हवे होते. तुलनेने लेस्ली पेरी यांची १९४१ सालची ‘स्पेस एपिसोड’ ही अगदी छोटी कथा अशी कोणतीही किंमत देत नाही. बिघडलेल्या यानात दोन पुरुष आणि लिडा ही एक स्त्री आहेत, कोणीतरी बाहेर जाऊन मरायचे आहे, आणि दोघे पुरुष नजर चुकवतात. स्त्री त्यागासाठीच जन्मलेली असते, या कल्पनेला इथे थारा नाही. उरते ती लिडाला त्या दोघांविषयी वाटणारी घृणा.

पुस्तकाचा गाभा महायुद्धानंतरच्या कथांमध्ये आहे. हिरोशिमाला तीन वर्षेही पुरी होत नाहीत तोच, जून १९४८ च्या ‘अस्टाउंडिंग’मध्ये ज्युडिथ मेरिल यांची ‘दॅट ओन्ली अ मदर’ आली. युद्ध चालूच आहे, किरणोत्सारामुळे व्यंग असलेली मुले जन्माला येत आहेत, बाप अशा मुलांना मारून टाकत आहेत आणि न्यायालये त्यांना सोडून देत आहेत, ही बातमी मार्गारेट वर्तमानपत्रात वाचते आणि बाजूला ठेवते. कामानिमित्त दूर असलेल्या नवऱ्याला ती आपल्या हुशार मुलीविषयी पत्रे लिहिते. ती मुलगी खरोखरच विलक्षण हुशार आहे. नवरा घरी येऊन मुलीला उचलून घेतो तेव्हा वाचकाला जे कळते ते आईला दिसलेलेच नसते, आणि कथा नेमक्या त्या क्षणी थांबते. अणुयुद्धाविषयी त्या दशकात ढिगाने लिहिले गेले, पण त्यातले फार थोडे लेखन बाळाच्या अंगावरच्या झबल्यापर्यंत पोहोचते. मेरिल यांनी मोठे राजकारण घरात आणले नाही, ते घरातच असते हे दाखवले.

त्याच वाटेवर पुढे अ‍ॅलिस एलिनॉर जोन्स यांची १९५५ सालची ‘क्रिएटेड ही देम’ आहे, आणि माझ्या मते संग्रहातली ही सर्वांत धारदार कथा आहे. युद्धानंतर निरोगी मूल जन्माला घालू शकणारी जोडपी मोजकीच उरली आहेत, म्हणून अ‍ॅनला एका दुष्ट नवऱ्याबरोबर संसार करत मुले जन्माला घालत राहावे लागते, आणि मूल तीन वर्षांचे झाले की सरकार ते घेऊन जाते. कथेत एकही यंत्र महत्त्वाचे नाही. आहे ती सकाळची न्याहारी, रेशनमधली टंचाई, नवऱ्याचा मूड सांभाळणे आणि पोरांना त्याच्या रागापासून लांब ठेवणे. जोन्स यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली होती. त्यांनी विज्ञानकथा अगदी मोजक्या लिहिल्या आणि मग त्या स्त्रियांच्या लोकप्रिय मासिकांकडे वळल्या. अशा लेखिकेचे नाव इतिहासातून गळणे किती सोपे असते, हे या संग्रहामुळे कळते. अ‍ॅलिस ग्लेझर यांनी तर एकच विज्ञानकथा लिहिली, १९६१ सालची ‘द टनेल अहेड’. लोकसंख्या इतकी वाढली आहे की शहराकडे परतणाऱ्या गाड्यांच्या वाटेवरचा बोगदा अधूनमधून दोन्हीकडून बंद होतो आणि आतली माणसे मरतात. समुद्रकिनाऱ्यावरून घरी निघालेले एक कुटुंब त्या बोगद्यापाशी येते. अकरा-बारा पानांत ग्लेझर यांनी जे साधले ते अनेकांना कादंबरीत साधले नाही.

घरसंसाराभोवती फिरणाऱ्या अशा लेखनाला लेखिका-समीक्षक जोआना रस यांनी १९७० च्या सुमारास ‘गॅलॅक्टिक सबर्बिया’, म्हणजे आकाशगंगेतले उपनगर, म्हणून झोडपले होते. भविष्याची कल्पना करतानाही नवरा नोकरीला आणि बायको स्वयंपाकघरात, इतकीच जर झेप असेल तर ती कल्पना कसली, हा त्यांचा रोख होता आणि तो पुष्कळ लेखनाला लागूही होता. यासझेक यांनी हाच शब्दप्रयोग घेऊन २००८ साली या लेखिकांची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. प्रस्तुत संग्रहात दोघींचे म्हणणे एकत्र तपासता येते, ही मला त्याची मोठी जमेची बाजू वाटते. रोझेल जॉर्ज ब्राउन यांच्या १९५९ सालच्या ‘कार पूल’मध्ये आया पाळीपाळीने मुलांना बालवाडीत सोडतात आणि त्या मुलांत परग्रहावरून आलेले एक लेकरू आहे. वरवर ही रसच्या टीकेत बसणारी कथा आहे. पण वेगळ्या शरीराच्या, वेगळ्या वळणाच्या मुलाला आपल्या मुलांच्या घोळक्यात सामावून घेताना एका आईची जी तारांबळ होते आणि चांगल्या हेतूनेही जी इजा होते, ती स्वयंपाकघराच्या बाहेर उभे राहून लिहिता आली नसती. रस यांची स्वतःची कथाही याच पुस्तकात, थोड्या पानांनंतर आहे. तिच्यातली अ‍ॅलिक्स ही चलाख आणि निर्भय नायिका एका उन्मत्त पुरुषाच्या यंत्रांना न घाबरता त्याला जागा दाखवते. मला रस यांचे म्हणणेही पटते आणि ब्राउन यांची कथाही आवडते.

नावांचा विषय या पुस्तकात वारंवार येतो, आणि त्याबाबतचे प्रचलित स्पष्टीकरण किती अपुरे आहे हेही दिसते. स्त्रिया पुरुषी नावे घेत कारण त्याशिवाय छापून येत नसे, असे आपण सर्रास म्हणतो. पण या संग्रहातल्या हॅरिस, मेरिल, कॅथरीन मॅक्लीन, झेना हेंडरसन या सगळ्या स्वतःच्या नावाने छापून येत होत्या. कॅथरीन मूर यांनी आद्याक्षरे वापरली ती इंडियानापोलिसमधल्या ज्या बँकेत त्या काम करत तिथे दुसऱ्या मिळकतीची वार्ता पोहोचू नये म्हणून; पुढे त्यांचे पती झालेले हेन्री कटनर यांनी पहिले पत्र ‘मिस्टर मूर’ यांना लिहिले होते. ली ब्रॅकेट हे तर खरेच नाव, पण दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी त्यांची कादंबरी वाचून पटकथेसाठी ‘त्या ब्रॅकेट नावाच्या माणसाला’ बोलावणे पाठवले अशी हकीकत प्रसिद्ध आहे. अ‍ॅलिस मेरी नॉर्टन यांनी १९३४ साली कायद्याने नाव बदलून आंद्रे केले, आणि या संग्रहातली त्यांची कथा मुळात अँड्र्यू नॉर्थ या आणखी एका नावाने आली होती. उर्सुला ले ग्विन यांची ‘नाइन लाइव्ह्ज’ १९६९ साली ‘प्लेबॉय’मध्ये आली तेव्हा मासिकाच्या विनंतीवरून त्यांचे पहिले नाव ‘यू. के.’ इतकेच छापले गेले. कारणे वेगवेगळी आहेत, आणि ती वेगवेगळी ठेवणे हे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

जेम्स टिपट्री ज्युनिअर यांचे प्रकरण यात सर्वांत प्रसिद्ध. हे नाव अ‍ॅलिस शेल्डन यांनी घेतले होते. त्या काही काळ सीआयएमध्ये होत्या आणि १९६७ साली त्यांनी प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. टिपट्री ही स्त्री असावी ही शंका हास्यास्पद आहे, त्या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे, असे विज्ञानकथालेखक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी १९७५ साली लिहिले, आणि पुढच्या दोन वर्षांत खरे नाव उघड झाले. आपल्याकडच्या वाचकाला इथे एक जवळची गोष्ट आठवेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, कारण परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये असे त्यांना वाटत होते. एकाच दशकात दोन शास्त्रज्ञ टोपणनावाने लिहीत होते. एकाचे नाव जड होते म्हणून आणि दुसरीचे हलके धरले गेले असते म्हणून, इतका फरक त्या दोन नावांमागे होता. टिपट्री यांची इथली कथा, १९६९ सालची ‘द लास्ट फ्लाइट ऑफ डॉक्टर एन’, एका शास्त्रज्ञाच्या विमानप्रवासाची तुटक टिपणे आहे. त्याच्याबरोबरची आजारी स्त्री कोण हे कळल्यावर कथा पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागते. हवामानबदलाच्या आजच्या काळात ती विशेष अस्वस्थ करते.

विविधतेच्या प्रश्नाकडे येताना ली ब्रॅकेट यांच्या ‘ऑल द कलर्स ऑफ द रेनबो’ या कथेवर थांबणे भाग आहे. पृथ्वीला मदत करायला आलेल्या प्रगत संस्कृतीतले एक हिरव्या वर्णाचे जोडपे, फ्लिन आणि रुवी, अमेरिकेतल्या एका लहान गावात पोहोचते. फ्लिन हवामान-नियंत्रणाचा तज्ज्ञ आहे. गावकरी आधी बघे होतात, मग शेरे मारतात, आणि मग रस्त्यावर त्या दोघांना गाठून जे केले जाते ते ब्रॅकेट यांनी जराही सौम्य केलेले नाही. ही कथा १९५७ सालची आहे, ज्या वर्षी अर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. रूपक उघड आहे आणि ते उघड असण्यातच त्याचे धैर्य आहे. कथेची खरी ताकद मात्र फ्लिनमध्ये आहे. हा सुसंस्कृत, शांत माणूस द्वेष सहन केल्यावर आतून बदलतो, आणि आपल्या विद्येचा जो वापर करण्याचे त्याच्या मनात येते त्याला वाचक ना माफ करू शकतो ना दोष देऊ शकतो. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला उदात्त करून ठेवण्याचा मोह ब्रॅकेट यांनी टाळला.

तरीही ही कथा एका गोऱ्या लेखिकेची आहे, आणि अन्याय सोसणाऱ्याची कातडी हिरवी आहे. संग्रह पुढे वाचत गेल्यावर हे सूत्र पुन्हा पुन्हा दिसते. झेना हेंडरसन यांच्या ‘अरारात’मध्ये परग्रहावरून आलेले निर्वासित डोंगरदरीत आपली ओळख लपवून राहतात आणि शाळेत नवी बाई येते, हेंडरसन स्वतः अ‍ॅरिझोनात शिक्षिका होत्या आणि महायुद्धाच्या काळात जपानी वंशाच्या अमेरिकनांना जिथे डांबून ठेवले होते त्या छावणीत त्यांनी शिकवले होते. सोन्या डोरमन यांच्या १९६६ सालच्या ‘व्हेन आय वॉज मिस डाउ’मध्ये रूप बदलू शकणारा एक परग्रहवासी माणसाच्या वसाहतीत स्त्री-सहायक बनून राहतो, आणि घेतलेले शरीर हळूहळू त्याच्या मनाचा ताबा घेऊ लागते, लिंगभाव म्हणजे जन्माने मिळालेली वस्तू की करत राहण्याची कृती, हा आज विद्यापीठांत शिकवला जाणारा प्रश्न इथे विलक्षण हळुवारपणे आला आहे. १९६३ सालच्या ‘अनदर रिब’मध्ये, जी मॅरियन झिमर ब्रॅडली आणि जॉन जे वेल्स हे नाव घेतलेल्या वानिटा कूलसन यांनी मिळून लिहिली, मानवजातीतले उरलेले मूठभर पुरुष मूल धारण करू शकतील का, असा प्रश्न आहे. नॉर्टन यांच्या कथेतली स्टीना रंगांध आहे आणि नेमके तेच तिचे बळ ठरते. ले ग्विन यांच्या कथेत वेल्सचा एक आणि अर्जेंटिनाचा एक असे दोघे खाणकामगार, आणि जॉन चाऊ या माणसापासून घडवलेली दहा प्रतिरूपे, पाच पुरुष आणि पाच स्त्रिया, एका उजाड ग्रहावर एकत्र येतात. दुसऱ्याची काळजी घेणे ही गोष्ट किती अवघड असते यावर इतकी सुंदर कथा मी फार थोड्या वेळा वाचली आहे.

विषयांत अशी भरगच्च विविधता, पण लिहिणाऱ्यांत नाही. या सव्वीस जणींत, दोन लेखिकांची कथा धरून, एकही कृष्णवर्णीय लेखिका नाही. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखिकेची पहिली कथा १९७१ साली आली, म्हणून त्या कालमर्यादेबाहेर राहिल्या, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण मर्यादा कोणती घातली यावर आत कोण येणार हे ठरते. संपादिकेने चौकट म्हणून अमेरिकन विज्ञानकथा-मासिके घेतली, आणि त्या मासिकांत ज्यांना दार उघडे नव्हते त्या आपोआप वगळल्या गेल्या. पॉलीन हॉपकिन्स यांची ‘ऑफ वन ब्लड’ ही हरवलेल्या आफ्रिकी संस्कृतीची अद्भुत कादंबरी १९०२-०३ मध्ये क्रमशः आली ती ‘कलर्ड अमेरिकन मॅगझीन’मध्ये, ज्याच्या संपादनातही त्या होत्या. स्वप्ने पाहणाऱ्या लेखिका इतरत्रही होत्या. त्यांची मासिके वेगळी होती. हे वाक्य प्रस्तावनेत ठळकपणे असायला हवे होते.

स्टोन यांची शुक्रावरची स्त्रीसत्ता वाचताना मला रुकैया सखावत हुसेन यांची आठवण येत राहिली. त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये १९०५ साली आली, म्हणजे ‘अमेझिंग स्टोरीज’ निघण्याच्या एकवीस वर्षे आधी. त्यात पुरुष मर्दान्यात बंद आहेत, स्त्रियांच्या विद्यापीठांनी ढगांतून पाणी ओढून घेण्याचे आणि सूर्याची उष्णता साठवण्याचे तंत्र शोधले आहे, आणि शत्रूच्या सैन्यावर ती उष्णता सोडून युद्ध जिंकले आहे. पडद्यात वाढलेल्या एका बंगाली मुस्लिम स्त्रीने हे लिहिले. अमेरिकन साहित्यापुरते काम करणाऱ्या संस्थेने ती कथा घ्यावी अशी मागणी अर्थातच करता येत नाही. पण ‘विज्ञानकथेतल्या आद्य लेखिका’ हे शब्द या पुस्तकाच्या निमित्ताने जगभर वापरले जातात तेव्हा त्यांच्या आधी ‘अमेरिकन मासिकांतल्या’ हे विशेषण लावण्याची शिस्त वाचकांनी आणि परीक्षण करणाऱ्यांनी पाळावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

वस्तू म्हणून पुस्तक उत्तम आहे. पुठ्ठा बांधणी भक्कम, अक्षर स्वच्छ, कथा प्रसिद्धीच्या क्रमाने लावलेल्या. प्रत्येक लेखिकेचा परिचय शेवटी एकत्र दिला आहे. तो कथेच्या आधी असता तर बरे झाले असते, कारण ग्लेझर किंवा जोन्स कोण होत्या हे माहीत असताना कथा वेगळी वाचली जाते. माझा सल्ला असा की कथा संपली की लगेच मागे जाऊन तो परिचय वाचावा. ते परिचय कोरडे नाहीत आणि त्यांतून शिक्षिका, ग्रंथपाल, बँकेतल्या कारकून, संपादिका आणि शास्त्रज्ञ अशा कितीतरी नोकरदार स्त्रियांची आयुष्ये उलगडतात. एलिझाबेथ मान बोर्गेझी या जर्मन कादंबरीकार टॉमस मान यांच्या कन्या आणि पुढे सागरी कायद्याच्या क्षेत्रातल्या मोठ्या अभ्यासक, हे मला या संदर्भात प्रथमच नीट उमगले. त्यांची इथली कथा मात्र एका कल्पनेपुरतीच आहे.

भाषेविषयी सांगायचे तर १९३० च्या दशकातल्या कथांचे इंग्रजी अलंकृत आणि काही ठिकाणी जुनाट आहे. मूर यांची वाक्ये लांब आहेत, आणि सवय नसलेला वाचक पहिल्या शंभर पानांत कंटाळून पुस्तक मिटण्याचा धोका आहे. त्यामुळे क्रमाने वाचण्याचा आग्रह धरू नये. मेरिल, जोन्स आणि ग्लेझर यांच्यापासून सुरुवात करावी, मग ब्रॅकेट आणि डोरमन घ्याव्यात. केट विल्हेल्म यांची १९६७ सालची कथाही लवकर वाचावी: एका अभिनेत्रीच्या भावना थेट प्रेक्षकांच्या मेंदूत प्रक्षेपित होतात आणि निर्माते तिच्या आयुष्यात मुद्दाम भीती आणि प्रेम घडवून आणतात, आज मोबाइलवर जे चालते त्याच्याशी ती इतकी जुळते की प्रसिद्धीचे वर्ष पुन्हा तपासून पाहावेसे वाटते. ले ग्विन शेवटीच ठेवाव्यात, आणि त्यानंतर हॅरिस, स्टोन, मूर यांच्याकडे परतावे. तोवर त्या कुठून निघाल्या होत्या हे पाहण्याची ओढ लागलेली असते.

आयात केलेली पुठ्ठा बांधणीची प्रत आपल्याकडे स्वस्त पडत नाही. ई-पुस्तक उपलब्ध आहे आणि ज्यांना फक्त वाचायचे आहे त्यांनी तेच घ्यावे. महाविद्यालयांच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी मात्र छापील प्रत घ्यावी. १९७० च्या दशकावरचा दुसरा खंड २०२२ साली आला आहे, आणि बटलर यांच्या लेखनाचा स्वतंत्र खंड याच संस्थेने २०२१ मध्ये काढला आहे. पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर आधी हा संग्रह घ्यावा. दोन घेता येत असतील तर दुसरे बटलर यांचे असावे, आणि ‘सुलतानाज ड्रीम’ तर इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळते, ती या दोन्हींच्या आधी, एका बैठकीत वाचून टाकावी.